मावशी वगात का येत नाही

जत्रेतला तमाशा कनातीत बसून ज्यांनी पाहिला आहे, त्यांना गवळणीतली मावशी वेगळी सांगावी लागत नाही. नऊवारी नेसून, डोईवर पदर घेऊन, ढांगा टाकत येणारा थोराड बाप्या. मागे गवळणी दही-दूध घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या, आणि ही त्यांची म्होरकी. वाटेत कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या आडवे उभे. दाण टाकल्याशिवाय पुढे सोडणार नाही, असा त्यांचा हट्ट. देवापुढे हात जोडायचं सोडून मावशी कमरेवर हात ठेवते आणि त्याचं गाव, बाप, धंदा, वसुलीचं पावतीपुस्तक, सगळं विचारत सुटते. नुकताच निवडणुकीत पडलेला उमेदवार, गावचा बंद पडलेला नळ, पुढच्या रांगेतला एखादा फेटेवाला, तिच्या तोंडातून कुणी सुटत नाही.

या मावशीवर कनातीत हमखास दोन तट पडतात. पुढे मातीवर बसलेली पोरं शिट्ट्या मारून तिला थांबू देत नाहीत. मागे खुर्च्यांवर बसलेली मंडळी 'आता पुरे, वग लावा' म्हणून चुळबुळ करतात. शहरी सभ्य समाजानं तमाशाला नावं ठेवली तेव्हा लावणीच्या जोडीनं बोट ठेवलं गेलं ते या गवळणीतल्या थट्टेवर. तरीही तमाशातून मावशी गेली नाही, आणि तिच्यामुळे तमाशाही बुडाला नाही. त्याचं कारण मला तमाशाच्या बांधणीत दिसतं. आधी गण, मग गवळण, मग बतावणी, रंगबाजीच्या लावण्या आणि शेवटी वग, म्हणजे गोष्टीचं नाट्य, हा क्रम ठरलेला. मावशी गवळणीत येते, गवळणीतच संपते. ती करणारा नट पुढे सोंगाड्या होऊन वगात येईल, पण मावशी म्हणून येणार नाही. जे पात्र प्रेक्षकांना सर्वांत जास्त विभागतं, त्याला तमाशानं भरपूर मोकळीक दिली, फक्त गोष्ट त्याच्या हातात दिली नाही.

विनोदी वेबसिरीज वर्षानुवर्षं चालवणाऱ्या आजच्या लेखकांना यातून घेण्यासारखं खूप आहे असं मला मनापासून वाटतं. दर आठवड्याला नवा भाग, तीच माणसं, तोच पार, तेच चहाचं टेबल. अशा मालिकेत कधीतरी एक पात्र असं येतं की अर्ध्या प्रेक्षकांचा जीव त्याच्यावर जडतो आणि उरलेल्या अर्ध्यांना ते डोळ्यांसमोर नको असतं. तिथून मालिका पूर्वीची राहत नाही. ती कशी बदलते, हा प्रश्न सातारा-सांगलीच्या मुलखात तरी नवा नाही.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' हे नाटक रंगवलं. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांचा त्याला आश्रय होता. त्या नाटकांतही विदूषक सुरुवातीलाच येई, सूत्रधाराशी थट्टामस्करी करी आणि मग पौराणिक कथानकाला वाट मोकळी होई. याच जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातलं रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचं गाव. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे त्यांचं मूळ नाव. १८६६ साली जन्मलेल्या या माणसानं घरदार आणि जातीची प्रतिष्ठा सोडून तमाशाच्या फडाला आयुष्य दिलं. गण, गवळण आणि लावण्या यांची जी घडी पुढच्या फडांनी जपली, तिच्यात बापूरावांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे. थट्टेला स्वतंत्र जागा आणि गोष्टीला स्वतंत्र जागा, ही वाटणी त्या घडीचाच भाग होती.

ती वाटणी ढिली झाली तेही इथेच, मिरज तालुक्यातल्या कवलापुरात. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ, दिसायला हुबेहूब. घरचाच तमाशा. 'जहरी प्याला' या वगात दोघांनी काळू आणि बाळू हे हवालदार रंगवले आणि प्रेक्षकांनी ते इतके उचलून धरले की मूळ नावं मागे पडली. लहू-अंकुश म्हणून त्यांना कवलापुराबाहेर ओळखणारे थोडे. काळू-बाळू म्हणजे मात्र अख्खा पश्चिम महाराष्ट्र. फडाचं नावही तेच झालं. वगातली दोन दुय्यम पात्रं फडाची मालक झाली, असंच म्हणायला हवं.

इथे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. हवालदार हा वगात पूर्वीपासून होता. राजा, प्रधान, कोतवाल आणि शेवटी हवालदार, ही उतरंड ठरलेली. वरचे तिघे गोष्ट पुढे नेतात, हवालदार तिच्यावर शेरे मारतो. पण लोक हवालदारासाठीच तिकीट काढू लागले की त्याची 'एंट्री' लवकर लागते, प्रत्येक प्रवेशात त्याला काहीतरी काम काढावं लागतं, आणि गंभीर प्रसंगात तो नसला तर लोक त्याची वाट पाहत बसतात. काळू-बाळूंचं मोठेपण असं की त्यांनी हे ओझं दोघांत वाटून घेतलं. एकाचं बोलणं दुसरा उलटवतो, एकाची फजिती दुसरा करतो. प्रेक्षकाला एकाचा कंटाळा येण्याआधी दुसऱ्यानं त्याला आडवं घेतलेलं असतं. आगाऊ पात्राला त्याच्याच ताकदीचा, त्याच्याच चेहऱ्याचा जाब विचारणारा सोबत दिला गेला होता.

वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मधला हवालदारही याच वळणाचा. १९६५ साली आलेल्या या लोकनाट्याचे दीड हजारांहून जास्त प्रयोग झाले आणि दादा कोंडके त्यातून घराघरांत पोचले. दादा रोजच्या राजकारणावर प्रयोगात कोट्या घालत, त्यामुळे एकच नाटक पुन्हा पुन्हा पाहणारे प्रेक्षक तयार झाले. आणि दादांवर महाराष्ट्र जितका विभागला गेला तितका क्वचितच कुणावर. द्व्यर्थी बोलण्यानं काहींनी नाकं मुरडली, काहींनी डोक्यावर घेतलं. पण 'सोंगाड्या' या चित्रपटात (१९७१) पाहा. दादांच्या नाम्यासमोर आये आहे. रत्नमाला यांनी रंगवलेली ती कडक आई पोराला तमाशाचं वेड लागलं म्हणून घराबाहेर काढते. पुढच्या चित्रपटांतही दादांच्या समोर ही आये येत राहिली. दादांचा वात्रटपणा सोसवतो याचं अर्धं श्रेय मी रत्नमालांना देते. त्यांच्या एका हाकेनं पडद्यावरचा तो आडदांड माणूस पुन्हा लहान पोर होतो आणि ज्याला त्याचा राग आला आहे त्या प्रेक्षकालाही आपलं कुणीतरी पडद्यावर असल्यासारखं वाटतं.

आता आपल्या काळाकडे येऊ. सातारा जिल्ह्यातून कोरी पाटी प्रॉडक्शननं नितीन पवार यांच्या दिग्दर्शनाखाली 'गावाकडच्या गोष्टी' सुरू केली आणि गावातली माणसं, गावातली घरं, गावाची बोली घेऊन यूट्यूबवर लांब पल्ल्याची मालिका करता येते हे दाखवून दिलं. शेजारच्या बारामती तालुक्यातल्या कांबळेश्वरची 'चांडाळ चौकडीच्या करामती' तर दोनशेहून जास्त भाग चालली. रामदास जगतापांचे रामभाऊ, भरत शिंदे यांचे बाळासाहेब, सुभाष मदने यांचे सुभाषराव ही नावं आता गावोगावच्या बोलण्यात आहेत. करामती करायच्या, त्यातून गाव अडचणीत यायचं आणि शेवटी एखादा सामाजिक धडा, ही तिची चाल. चार उचापती माणसांची चौकडी केली, एकट्याला मोकळं सोडलं नाही, यात मला काळू-बाळूंच्या घराण्याची नाळ दिसते.

आमच्या महाबळेश्वरात हे सारं पावसाळ्यात पाहावं. पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणारं हे गाव जूनमध्ये प्लास्टिकनं आणि गवताच्या झड्यांनी स्वतःला झाकून घेतं. पर्यटक कमी, वेण्णा लेकवरचे घोडेवाले मोकळे, टॅक्सीवाले मोकळे. चहाच्या टपरीत एका मोबाइलभोवती पाच-सहा डोकी जमतात. अशाच एका दुपारी मी पाहिलं. पडद्यावर एक भांडखोर पात्र आलं, तसं एकाचं बोट काचेवर दोनदा टकटकलं आणि भाग दहा सेकंद पुढे उडी मारून गेला. दुसऱ्यानं लगेच त्याचा हात धरला, 'अरे, त्याचंच तर बघायचंय!' म्हणून भाग मागे ओढला. पुन्हा बोट, पुन्हा हात. ज्याला ते पात्र नको होतं त्यानंही नजर काही हटवली नाही.

ही ओढाताण मालिका चालवणाऱ्यांपर्यंत कशी पोचते ते समजून घ्यायला हवं. २०१२ पासून यूट्यूबनं किती जणांनी क्लिक केलं यापेक्षा प्रेक्षक किती वेळ पाहत राहिला याला जास्त महत्त्व द्यायला सुरुवात केली. रागानं पाहिलेली मिनिटंही त्या वेळात धरली जातात. त्यामुळे वाद लावणारं पात्र ज्या भागात आहे तो भाग चालतो, पुढच्या भागात त्याला जास्त प्रसंग मिळतात, त्याच्या नावानं भागाचं शीर्षक लागतं. कनातीत मागच्या रांगेची चुळबुळ फडाच्या सरदाराला ऐकू तरी जाई. आकड्यांत मात्र शिट्टी आणि चुळबुळ एकत्र मिसळते, आणि लेखकाला वाटतं की सगळ्यांना हेच हवं आहे.

पुढचा घसरणीचा टप्पा नीट दिसावा म्हणून अमेरिकेतलं एक उदाहरण घेते, कारण त्याइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. 'फॅमिली मॅटर्स' ही मालिका १९८९ च्या सप्टेंबरात सुरू झाली. शिकागोतला पोलीस कार्ल विन्स्लो, त्याची बायको हॅरिएट, मुलं, म्हातारी आई, अशा एका कृष्णवर्णीय मध्यमवर्गीय कुटुंबाची साधी कौटुंबिक विनोदी मालिका. पहिल्याच वर्षी शेजारचा स्टीव्ह अर्कल नावाचा मुलगा एका भागापुरता आला. जाड चष्मा, छातीपर्यंत चढवलेली पँट, कानठळ्या बसवणारा आवाज. जलील व्हाइट या बालनटानं तो असा काही केला की पाहुणा घरचाच झाला. काही वर्षांत मालिका अर्कलची झाली. विन्स्लोंची धाकटी मुलगी ज्युडी चौथ्या पर्वानंतर दिसेनाशी झाली आणि मालिकेत कुणी तिचं नावही काढलं नाही. अर्कलनं स्वतःला देखणा बनवणारं यंत्र काढलं, मग स्वतःची प्रतिकृती काढली. पोलिसाच्या घरातल्या जेवणाच्या टेबलापासून निघालेली गोष्ट विज्ञानाच्या जादूत जाऊन पोचली. हॅरिएटचं काम करणारी जो मेरी पेटन शेवटच्या पर्वात मालिका सोडून गेली. १९९८ मध्ये २१५ भागांनंतर मालिका संपली. अर्कल नसता तर ती इतकी चालली नसती, हे खरंच. पण चालली ती जी सुरू झाली होती ती मालिका नव्हे.

यात काय काय बदललं ते पाहा. घरातली माणसं आधी स्वतःच्या अडचणीत हसवत होती, आता अर्कल काय करतो याला तोंडं वेडीवाकडी करत हसवू लागली. बापाचं काम वैतागणं, मुलीचं काम झिडकारणं. जिला वैतागणं किंवा झिडकारणं यातलं काहीच नेमून देता आलं नाही, ती ज्युडी गळाली. आणि तोच वात्रटपणा दर आठवड्याला थोडा मोठा करावा लागतो म्हणून गोष्ट जमिनीवरून सुटली. मराठी गावाकडच्या मालिकांत यंत्रं येणार नाहीत. पण आधी उसने पैसे बुडवणारा माणूस पुढे बँक बुडवतो, आधी शेजाऱ्याची कोंबडी पळवणारा पुढे सरपंचाची खुर्ची पळवतो, हा चढ मला ओळखीचा वाटतो. खरं तर कोंबडीवर जितकं खळखळून हसू येतं तितकं खुर्चीवर येत नाही, कारण कोंबडी सगळ्यांच्या दारात असते.

अशा मालिकांत काळही थांबतो. 'तारक मेहता का उल्टा चश्मा' २८ जुलै २००८ ला सुरू झाली आणि मराठी घरांतही जेवताना लावली जाते. मंदार चांदवडकर यांचे भिडे मास्तर आणि सोनालिका जोशी यांची माधवी हे आपल्यातलेच वाटतात. त्यात श्याम पाठक यांनी रंगवलेला पत्रकार पोपटलाल लग्नासाठी आसुसलेला आहे. त्याचं लग्न जुळलं तर विनोदाचा झरा आटेल, म्हणून वर्षानुवर्षं मुली पाहण्याचे कार्यक्रम होतात आणि मोडतात. काही प्रेक्षकांना त्याचा आजही लळा आहे. काहींना त्याची दया यायची थांबून चीड येऊ लागली आहे, आणि त्यांचं चुकत नाही. एका माणसाची उणीव हेच मालिकेचं भांडवल झालं की ती उणीव भरून निघू देता येत नाही, आणि प्रेक्षकाला आपल्याला खेळवलं जातंय हे समजतं.

म्हणून पुष्कळ लेखक दुसरा रस्ता घेतात. पात्राला हळवं करतात. भांडखोर बाईला अचानक दुःखी बालपण मिळतं, लबाड माणूस रात्री एकटा रडताना दिसतो. एकदा केलं तर ते भिडतं. पण त्यानंतर तीच बाई पारावर भांडायला उभी राहिली की हसताना मनात अपराधी वाटतं, आणि विनोद तिथेच मरतो. मला हा उपाय सर्वांत नुकसानीचा वाटतो. मावशीचं बालपण कुणी विचारलं नाही म्हणूनच ती देवाला पावतीपुस्तक मागू शकते.

मग चांगलं कुठे साधलं? 'चला हवा येऊ द्या' २०१४ साली सुरू झालं आणि त्यात पुरुष नटांनी साड्या नेसून केलेल्या बायकांवर महाराष्ट्र सरळ दोन बाजूंना गेला. तमाशातल्या मावशीवर झालेला वादच पुन्हा झाला. त्याच कार्यक्रमात सागर कारंडे पोस्टमन काका होऊन अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रं वाचत आणि प्रेक्षागृहात सगळे रडत. साडीतल्या गोंधळाचा ज्याला वैताग आला, त्याच्यासाठी त्याच तासात वेगळं काहीतरी राखून ठेवलेलं होतं. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'त नम्रता संभेराव यांची कर्कश लॉली काहींना असह्य आणि काहींना अनावर हसवणारी. पण ते प्रहसन आहे. लॉली आली, गोंधळ घातला, गेली. बतावणीसारखी तिची हद्द ठरलेली, त्यामुळे ज्याला नको त्यानं दहा मिनिटं कळ काढायची.

सातारा भागात घडणारी 'देवमाणूस' (२०२०-२१) ही विनोदी मालिका नव्हे, गुन्ह्याची गोष्ट. पण तिच्यात रुक्मिणी सुतार यांची सरू आजी होती, म्हणी आणि शिव्या यांचा अखंड साठा. काहींना तिचं तोंड फार फटकळ वाटलं, काहींनी तिच्याचसाठी मालिका पाहिली. लेखकांनी तिला घरातल्या प्रत्येकाशी भिडवलं आणि घरातल्या प्रत्येकाला तिच्याशी भिडू दिलं. गुन्ह्याचं कथानक मात्र किरण गायकवाड यांच्या डॉक्टरभोवतीच फिरत राहिलं. आजीला जागा दिली, गोष्ट दिली नाही. कनातीतली जुनी वाटणी दूरचित्रवाणीवर इतक्या वर्षांनी तशीच्या तशी कामाला आली.

वेबसिरीजवाल्यांची अडचण वेगळी आहे हेही मान्य करायला हवं. त्यांचा भाग वीस-पंचवीस मिनिटांचा, त्यात गण-गवळणीसारखे वेगळे कप्पे नाहीत. नट बहुतेक गावातलेच, नोकरी-शेती सांभाळून येणारे, आणि ज्याच्यामुळे लोक येतात त्याला कमी प्रसंग द्या असं सांगायला धाडस लागतं. गावात तर पात्राचं नावच माणसाला चिकटतं. आठवडा बाजारात त्याला त्याच नावानं हाक मारतात, कधी त्याच्यावर खऱ्या रागानं डोळेही वटारतात. अशा माणसाला भागातून वगळलं तर भावकीत प्रश्न उभे राहतात.

म्हणून पात्र काढून टाकण्याचा सल्ला मी कधी देणार नाही. काढलेलं पात्र भोक पाडून जातं, आणि बाकीच्यांनी तोवर त्याच्याकडे बघून तोंड करण्यापलीकडे काही शिकलेलं नसतं. त्यापेक्षा बाकीच्यांची घरं आधी बांधावीत. त्या भांडखोर बाईच्या सुनेला स्वतःची एक गोष्ट द्यावी, जिच्यात सासू येतच नाही. उचापती माणसाच्या मित्राला एखाद्या भागात त्याच्याशिवाय फसू द्यावं आणि त्याच्याशिवाय सुटू द्यावं. मग पुढच्या भागात तो वात्रट आला तर त्याला अडवायला कुणाचं तरी उंबरठ्यावर उभं राहणं खरं वाटेल. कवलापूरच्या फडाला हे जमलं होतं. काळूला अडवायला बाळू होता, दोघांना अडवायला कोतवाल होता, आणि पुढच्या पिढीनंही तो फड काळू-बाळू याच नावानं गावोगावच्या जत्रांत नेला.